युद्धनौकेला नाव द्यावे विजयदुर्गाचे, आणि ते मागावे साताऱ्याने

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत तीन युद्धनौका एकाच दिवशी दाखल झाल्या: निलगिरी ही फ्रिगेट, वागशीर ही पाणबुडी आणि सुरत ही विनाशिका. सातारा-सांगलीकडच्या माणसाला सुरत म्हटले की १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्यांपलीकडे त्या शहराशी आपले फारसे नाते उरलेले नाही. नौदलाने मात्र नाव देताना सुरतेची दुसरी ओळख पुढे ठेवली. सोळाव्या ते अठराव्या शतकात तापीकाठी बांधलेली सागवानी जहाजे दीर्घकाळ टिकण्याबद्दल नावाजलेली होती, शंभर वर्षे पाण्यात राहणारी म्हणून ओळखली जात होती. ज्या गावाने जहाजे बांधली त्याचे नाव जहाजाला द्यायचे, हे तत्त्व त्यात आहे आणि ते योग्य आहे. ते पुढे न्यायचे तर एक नाव विजयदुर्गाचे असले पाहिजे. ही मागणी कोकणाने तर करावीच, पण तिचा आग्रह साताऱ्याने आणि सांगलीने धरला पाहिजे.

आपल्याकडे असा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग साताऱ्याचे नाव का नको? सातारा समुद्रापासून लांब आहे, हे उत्तर पुरेसे नाही. दिल्ली, म्हैसूर आणि इंफाळ या तिन्ही शहरांना समुद्र नाही, तरी तिघांच्या नावाच्या विनाशिका नौदलात आहेत. इंफाळचे नाव देण्यामागे १९४४ची लढाई आणि मणिपूरचे सैनिक होते. या मापाने साताराही बसेल. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे झाला, कान्होजी आंग्रे यांचे सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखाचे पद, इथल्या गादीने मान्य केले, अपशिंग्यासारखी घरटी सैनिक देणारी गावे या जिल्ह्यात आहेत, देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. पण हा सगळा दावा राजधानीचा आणि पायदळाचा झाला. जहाजे बांधल्याचा दावा साताऱ्याकडे नाही, आणि सुरतेच्या निमित्ताने रुळू पाहणारे तत्त्व जहाजे बांधण्याचे आहे. ते तत्त्व आपल्याच सोयीसाठी वाकवले तर उद्या प्रत्येक जिल्हा आपल्या नावाची पाटी घेऊन उभा राहील आणि ज्यांच्या हातांनी आरमार उभे केले ती गावे रांगेत शेवटी जातील.

सुरतेचा दावा किती भक्कम होता हे पाहिले म्हणजे पुराव्याची पातळी कळते. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे सुतार. १७३६च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईत आणले. १७५०मध्ये मुंबईची पहिली सुकी गोदी तयार झाली. त्यांच्या घराण्याने पुढे शंभरावर वर्षे ब्रिटिश नौदलासाठीसुद्धा जहाजे बांधली. १८१७मध्ये मुंबईत बांधलेले त्रिंकोमाली हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्यावर तरंगत आहे. १८४२चा नानकिंगचा तह ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर झाला तेही मुंबईच्याच गोदीतले. म्हणजे सुरतेकडे घराणे आहे, नावे आहेत, साले आहेत आणि पाण्यावर टिकून राहिलेले लाकूड आहे. इतके असूनही सुरत युद्धनौकेच्या बोधचिन्हावर हजिऱ्याचा १८३६चा दीपस्तंभ आणि गीरचा सिंह आहे. दीपस्तंभ समुद्राचा तरी आहे. पण जहाजबांधणीचा वारसा सांगून दिलेल्या नावाच्या चिन्हात वासला नाही, करवत नाही, पठाण (जहाजाच्या तळाचा कणा) नाही. विजयदुर्गाच्या बाबतीत ही उणीव राहू नये.

आता विजयदुर्गाकडे काय आहे ते नीट पाहू. किल्ला सगळ्यांना माहीत आहे. त्याची तिहेरी तटबंदी, त्याचे बुरूज, सहलीला गेलेली मुले हे सगळे परिचयाचे. खरा पुरावा किल्ल्यापासून खाडीत थोडे आत, गिर्ये गावाच्या हद्दीत आहे. वाघोटण खाडीच्या काठी खडक कोरून आणि बाजूंना दगडी बांध घालून केलेली गोदी तिथे आहे. लांबी सुमारे १०९ मीटर, रुंदी सुमारे ७० मीटर. आंग्र्यांच्या काळातली ही गोदी आज बरीचशी गाळाने भरलेली आहे, पण तिचा आकार ओळखू येतो. तुलनेसाठी सांगायचे तर सुरत विनाशिका १६४ मीटर लांब आहे. अठराव्या शतकातल्या तीन डोलकाठ्यांच्या दोन-तीन गुराबा, म्हणजे शिडाची लढाऊ जहाजे, या गोदीत एका वेळी आरामात शेजारी शेजारी बसल्या असत्या.

अशी गोदी पंचांगावर चालते, आणि हे समजून घेतल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. विजयदुर्गाच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन-अडीच मीटरांचा असतो. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला, भरती पूर्ण चढली की जहाज ओढून गोदीत घ्यायचे. आत आधीच लाकडी ठोकळे मांडून ठेवलेले असतात. पाणी उतरू लागले की जहाज त्यांवर टेकते. टेकताना ते सरळ बसले पाहिजे. ठोकळे थोडे जरी पुढेमागे असले तर सगळे वजन एका बाजूला येते आणि पठाणाला पीळ बसतो. तो पीळ पुढे कायम राहतो, जहाज एका बाजूला ओढते आणि सुकाणू कितीही धरले तरी सरळ चालत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी टेकू लावून, पाणी उतरत असतानाच, पाचर मारून जहाज तोलायचे. त्यानंतर अष्टमीच्या आसपास भांग येतो. भांगाची भरती उधाणाइतकी चढत नाही, गोदीच्या तोंडाचा उंबरा नीट उंचीवर ठेवला असेल तर पाणी आत येत नाही किंवा अगदी थोडे येते. म्हणजे एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंतचा पंधरवडा कामाला मिळतो. काम लांबले आणि ते उधाण हुकले तर जहाज आणखी पंधरा दिवस अडकले. तोंडाशी उंबरा चुकीच्या उंचीवर घेतला तर दोनपैकी एक होते: उंच घेतला तर भरलेले जहाज आतच येत नाही, खाली घेतला तर भांगातही तळ ओला राहतो आणि कलपतीचे, म्हणजे फळ्यांच्या फटी बुजवण्याचे, काम वाया जाते. ज्याने गिर्ये इथे खडक फोडायची रेघ आखली त्याला त्या खाडीचे पाणी बोटाबोटाने माहीत होते. माझ्या मते विजयदुर्गाच्या सगळ्या वारशात ही एक रेघ सर्वांत मोलाची आहे.

त्या पंधरवड्यात काय होई? तळाला चिकटलेली कालवे आणि शेवाळ खरवडायचे. वाळलेल्या गवताचा किंवा झावळ्यांचा जाळ धरून जुना लेप मऊ करून काढायचा. जाळ जास्त वेळ एका जागी धरला तर फळी तडकते, कमी धरला तर लाकूड पोखरणाऱ्या किड्याची अंडी जिवंत राहतात. मग फळ्यांमधल्या फटी तपासायच्या. सगळ्यांत आधी गळते ती पठाणाला लागून असलेली पहिली फळी, कारण जहाज लाटेवर वाकते तेव्हा ताण तिथे येतो. फटीत राळेत भिजवलेला कापूस ठासून भरायचा, हीच कलपत. वरून राळ, आणि पाण्याखालच्या भागाला चुना व माशाचे तेल घोटून केलेला लेप. हा लेप किड्याला आत शिरू देत नाही. पश्चिम किनाऱ्यावर फळ्या एकमेकींना नुसत्या टेकवून न ठेवता कडांना खाच पाडून एकीत दुसरी बसवण्याची पद्धतही होती. अशी बसवलेली फळी सहजी गळत नाही, पण बदलायची वेळ आली तर शेजारच्या दोन सोडवाव्या लागतात. सागवानाचा मोठा गुण असा की त्यातले तेल लोखंडी खिळ्याला गंजू देत नाही. युरोपातल्या ओक लाकडात टॅनिन असते, ते खिळा खाते आणि खिळ्याभोवतीचे लाकूड काळे पडून सुटते. इंग्रजांना आपली जहाजे हवीशी वाटली त्याचे एक कारण हे रसायन आहे.

लाकडाचा विचार राज्याच्या पातळीवर झाला होता, हे आज्ञापत्र या मराठी राज्यनीतीच्या ग्रंथात स्पष्ट दिसते. रामचंद्रपंत अमात्यांनी आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आणि त्याच्या लाकडासाठी नियम घालून दिले: सागवानासारखी झाडे हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत, आंबा आणि फणस यांनाही आरमारात उपयोग असला तरी त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेली असतात. आरमार उभे करताना जंगलाचा आणि रयतेचा हिशेब ज्या राज्याने ठेवला, त्या राज्याची एक गादी आपल्या साताऱ्यात होती.

या गोदीत जी गुराब येत असे तिचे माप इंग्रज लेखकांनीच नोंदवून ठेवले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग लांब, निमुळता आणि पुढे झुकलेला, त्यावर आडवी भिंत आणि त्या भिंतीतून पुढे तोंड काढलेल्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या. सोबतची गलबते ७० टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की वल्ह्यांनी गुराबा ओढून नेत, म्हणजे वारा नसताना शत्रूचे शिडाचे जहाज जागच्या जागी खिळलेले असे आणि हे मागून येऊन त्याच्या पिछाडीवर तोफा डागत. तळ उथळ असल्याने ओहोटीलाही खाडीत शिरता येई, जिथे मोठ्या जहाजाला मागे येणे म्हणजे चिखलात बसणे. हे सगळे हिशेबाने केलेले आहे. मोठ्या जहाजाची नक्कल करण्याऐवजी आपल्या खाड्यांना शोभेल, आपल्या सुतारांना बांधता येईल असे जहाज त्यांनी केले आणि अर्धशतकाहून अधिक काळ इंग्रज, पोर्तुगीज, डच या तिघांना दमवले.

आणि मग १७५६. हे साल साताऱ्या-पुण्याकडच्या इतिहासात एका ओळीत आटोपले जाते. विजयदुर्गाचे धनी तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे बिनसले. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. जमिनीवरून पेशव्यांची फौज, समुद्रावरून वॉटसनचे आरमार आणि त्यावर क्लाइव्हची माणसे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गापुढे तोफांचा मारा सुरू झाला. आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडून पकडलेले एक जहाज तिथे होते. त्यावर गोळा पडून आग लागली. जहाजे एकमेकांना लागून बांधलेली असल्यामुळे ती आग एकीवरून दुसरीवर गेली आणि गुराबा, गलबते, बांधणीत असलेली जहाजे, असे जवळजवळ सगळे आरमार काही तासांत जळाले. जवळजवळ बांधून ठेवण्याने खाडीचे तोंड अडवता येते, वाऱ्यापासून संरक्षण मिळते. आगीपुढे मात्र तोच बंदोबस्त घातक ठरला. किल्ला पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी तो पेशव्यांना परत दिला आणि बदल्यात बाणकोट घेतले. पुढे आनंदराव धुळप यांनी तिथूनच पेशव्यांचे आरमार चालवले, १७८३ मध्ये रेंजर हे इंग्रज जहाज पकडूनही दाखवले. पण १७५६पूर्वीची ताकद परत आली नाही.

तुळाजी बंडखोर होता, ब्राह्मणांना त्रास देत होता, छत्रपतींना जुमानत नव्हता, असे पेशव्यांच्या बाजूने सांगितले जाते. त्यात तथ्य असेलही. सरदाराला वठणीवर आणायचे असेल तर आणावे. त्यासाठी राज्याचे आरमार परक्याच्या तोफांखाली जाळून घेणे हा हिशेब कुठल्याही बाजूने जुळत नाही. ज्या राज्याची गादी साताऱ्यात होती त्याच राज्याच्या कारभाऱ्यांनी, आपल्याच किनाऱ्यावर, हे घडू दिले. म्हणून विजयदुर्गाचे नाव मागण्याची जबाबदारी देशावरच्या आपल्यावर अधिक आहे. कोकणाने हे नाव मागितले तर तो गावाचा अभिमान ठरेल. साताऱ्याने मागितले तर राज्याने आपली चूक मान्य केली असा त्याचा अर्थ होईल.

आता व्यवहाराकडे येऊ. नाव कोणत्या जहाजाला, कधी आणि कसे? नौदलात नावे जहाजाच्या वर्गाप्रमाणे ठरतात. त्यासाठी नौदल मुख्यालयात नामकरण समिती असते. विनाशिकांना शहरांची नावे, निलगिरी-शिवालिक वर्गाच्या फ्रिगेटना डोंगरांची, तलवार वर्गाला शस्त्रांची, पाणबुड्यांना बहुतेक जलचरांची, किनाऱ्याजवळच्या छोट्या नौकांना बेटांची, बंदरांची आणि किल्ल्यांची. आपला सह्याद्रीही २०१२पासून त्या यादीत आहे. विजयदुर्ग हे शहर नाही, गाव आहे. तेव्हा विनाशिकेसाठी त्याचा हट्ट धरला तर समितीकडून पहिल्याच पायरीवर उत्तर येईल की वर्ग जुळत नाही. शहराचाच आग्रह असेल तर कल्याण आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर स्वराज्याची पहिली जहाजे त्याच खाडीत बांधली गेली. तिथे कामाला असलेले रुय लैतांव व्हियेगस आणि त्यांचे सहकारी १६५९ मध्ये काम सोडून निघून गेले, ही गोष्ट पोर्तुगीज कागदांत आहे. पुढच्या पिढीच्या विनाशिकांपैकी एकीला कल्याण हे नाव देणे अगदी योग्य होईल. तो वेगळा, कल्याणकरांनी मांडायचा दावा आहे.

विजयदुर्गासाठी योग्य जागा क्षेपणास्त्र नौकांची आहे, आणि त्याला पूर्वीचा आधार आहे. १९७०च्या दशकात सोव्हिएत रशियाकडून घेतलेल्या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौकांची नावे होती विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि होसदुर्ग. साधारण ६० मीटरांच्या, वेगवान, जहाजांवर क्षेपणास्त्रे डागणाऱ्या. तिन्ही निवृत्त झाल्या. नौदलाची प्रथा अशी की निवृत्त नौकेचे नाव पुढच्या पिढीला देता येते. विक्रांत, निलगिरी, कलवरी, वेला ही नावे अशीच परत आली. २०२३ मध्ये कोचीन शिपयार्डशी सहा नव्या क्षेपणास्त्र नौकांचा सुमारे ९,८०५ कोटी रुपयांचा करार झाला, बांधणी सुरू आहे. त्यांचे काम तेच आहे जे जुन्या दुर्ग वर्गाचे होते: लहान आकार, मोठा मारा, वेगाने जाऊन वेगाने परत. गुराबेचेही काम तेच होते. या सहांपैकी एकीला किंवा त्यानंतरच्या अशा नौकेला विजयदुर्ग हे नाव अगदी स्वाभाविकपणे बसेल.

छोट्या नौकेला नाव म्हणजे छोटा मान, असे वाटणारे लोक आहेत. त्यांना सुरतेचाच आकडा दाखवता येईल: ७,४०० टनांची, ३० नॉटपेक्षा अधिक वेगाची, ब्राह्मोस वाहणारी नौका, पण तिचा तळ इतका खोल की ज्या तापीकाठच्या जुन्या बंदराचे नाव तिला आहे तिथे ती कधीच जाऊ शकणार नाही. उथळ तळाची नौका निदान विजयदुर्गाच्या समोर, किल्ल्याच्या नजरेच्या टप्प्यात नांगर टाकू शकेल. शिवाय मालवणचे नाव आधीच पाणबुडीविरोधी छोट्या नौकेला मिळालेले आहे, अर्नाळ्याचेही. कोकणातल्या कोणी तो अपमान मानला नाही.

वेळेचे भान ठेवणे सगळ्यात महत्त्वाचे. गोदीत बांधणी चालू असताना जहाजाला यार्ड क्रमांकाने ओळखतात. सुरत ही मुंबईच्या माझगाव गोदीत यार्ड १२७०७ होती. नाव जलावतरणाच्या वेळी उच्चारले जाते, सुरतेचे जलावतरण १७ मे २०२२ रोजी झाले. त्याआधीच बोधचिन्हाची कल्पना, नामकरण समितीचा विचार, संरक्षण मंत्रालयाची मान्यता हे सगळे होऊन गेलेले असते. जहाज पाण्यात उतरल्यावर नाव बदलण्यासाठी निवेदने देणे, मोर्चे काढणे हे वाया जाणारे श्रम आहेत. मागणी करायची ती जलावतरणाच्या दोन-तीन वर्षे आधी.

अशा निवेदनांत काय चुकते? पहिली चूक अतिशयोक्तीची. जगातली पहिली सुकी गोदी, जगातले पहिले आरमार अशी वाक्ये घातली की समितीतला नौदल इतिहासाचा अभ्यासक कागद बाजूला ठेवतो. इंग्लंडमध्ये पोर्टस्मथला सुकी गोदी १४९५ मध्येच होती. गिर्येची गोदी पहिली असण्याची गरज नाही, ती आपल्या मापाची आणि आपल्या पाण्याची आहे, एवढेच पुरे. दुसरी चूक दंतकथेवर भार टाकण्याची. विजयदुर्गासमोर समुद्रात बुडालेली भिंत आणि तिच्यावर आपटून फुटलेली शत्रूची जहाजे ही गोष्ट सगळ्यांच्या आवडीची आहे. पण निवेदनाचा पाया त्या भिंतीवर घालू नये. ओहोटीला जाऊन टेप लावता येते ती गोदी हाच पाया. तिसरी चूक नाव व्यक्तीकडे वळवण्याची. आंग्र्यांचे नाव मुंबईतल्या नौदल तळाला आहे, शिवाजी महाराजांचे लोणावळ्याच्या अभियांत्रिकी तळाला. दोन्ही किनाऱ्यावरचे तळ. कान्होजींचे नाव पाण्यावर हवे, ही भावना बरोबर आहे, पण विजयदुर्गाची मागणी करताना ती मध्ये आणली तर दोन्ही अडतील.

निवेदनात जे हवे ते थोडे आहे, पण काटेकोर हवे. गोदीचा मोजून काढलेला नकाशा, तोंडाच्या उंबऱ्याची उंची आणि आज किती गाळ साचला आहे याचा छेद. उधाण आणि भांग अशा दोन्ही दिवसांचे पाण्याचे माप, निदान एका पंधरवड्याचे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, त्यातले आंग्रे आणि धुळप यांच्या आरमाराचे कागद: जहाजाचा प्रकार, सुतारांचा रोजमुरा, लाकूड, लोखंड, राळ, कापूस यांचे हिशेब. पणजीच्या पुराभिलेखागारातली पोर्तुगीज पत्रे. बोधचिन्हासाठी एकच सूचना, पुढे तोंड काढलेल्या दोन तोफांची गुराब आणि खाली भरतीच्या पाण्याची रेघ. घोडा, तलवार, भगवा हे सगळे आपल्याला प्रिय आहे, पण ते या नौकेचे चिन्ह नाही.

यात सातारा आणि सांगली यांचा हात लागू शकतो, आणि तो मोठा आहे. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्या वालचंद हिराचंद यांचे नाव आहे, ते सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांची लॉयल्टी आगबोट मुंबईहून लंडनला निघाली, तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. १९४१ मध्ये त्यांनी विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी सुरू केली आणि १४ मार्च १९४८ रोजी तिथून जलउषा पाण्यात उतरली. त्या महाविद्यालयातल्या स्थापत्य विभागाच्या विद्यार्थ्यांनी गिर्येच्या गोदीचे मोजमाप हाती घेतले तर निवेदनाचा अर्धा भार हलका होईल. मोजणीचे यंत्र, गाळाचे नमुने, भरतीची पट्टी, एवढेच साहित्य लागते. यांत्रिकी विभागाला गोदीच्या तोंडाचा लाकडी दरवाजा कसा असेल, पाण्याचा दाब किती सोसेल याची गणिते मांडता येतील. किर्लोस्करवाडी १९१० पासून यंत्रे करते आहे, किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप नौदलाकडेही जातात. जहाज कुठल्याही गोदीत बांधले तरी त्याच्या पोटातले भाग देशावरच्या कारखान्यांतून येतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान आणि मुंबई ही विनाशिका यांचे औपचारिक नाते नौदलाने आधीच जोडलेले आहे. विजयदुर्ग नौका झाली तर साताऱ्याच्या सैनिक शाळेने तिच्याशी तसे नाते मागावे.

गोदीतला गाळ काढण्याची घाई कोणी करू नये, हे मात्र इथे ठासून सांगितले पाहिजे. जेसीबी लावून गाळ उपसला तर त्याखालचे ठोकळे, खिळे, लेपाचे तुकडे, कदाचित एखाद्या गुराबेचा तळ, सगळे एका दिवसात ढिगाऱ्यात जाईल. आधी मोजणी, मग पुरातत्त्व खात्याची परवानगी, मग थरांनी उत्खनन, तेही पावसाळा संपून पाणी निवळल्यावर, भांगाच्या दिवसांत. सिंधुदुर्ग, सातारा आणि सांगली या तीन जिल्हा परिषदांनी असा ठराव एकत्र करावा, त्याला मोजणीचा नकाशा जोडावा आणि तो संरक्षण मंत्रालयाकडे आणि नौदल मुख्यालयाकडे एकाच वेळी जावा. मोजणीला येत्या हिवाळ्यातले दोन पंधरवडे पुरतील.